मोटारींतील ऐश्वर्य : जुनें आणि नवें

ऐश्वर्य कशास म्हणावें हें प्रत्येक पिढी आपल्यापुरतें नव्यानें ठरवीत असते. एके काळीं माजघरांतील सागवानी झोपाळा व त्याच्या पितळी कड्या हें सुखवस्तु घराचें लक्षण मानीत. पुढें तो मान रेडिओकडे गेला, मग दूरदर्शनच्या संचाकडे, आणि आतां तो दारांतील मोटारीकडे आला आहे. आमच्या केज गांवांत ज्या कांहीं एकत्र कुटुंबांत सध्यां मोठी मोटार घेण्याचें घाटत आहे, तेथें बहुतेक ठिकाणीं एकच वाद आमच्या कानीं येतो. काकांचें म्हणणें असें कीं, आठदहा वर्षें वापरलेली असली तरी चालेल, पण मोटार मोठ्या घराण्याची घ्यावी. तिची गादी, तिचें लाकूड, तिचा दरवाजा लागतांना होणारा तो भारदस्त आवाज, हें सारें नव्या मध्यम प्रतीच्या मोटारींत शोधून सांपडावयाचें नाहीं. पुतणे म्हणतात, काका, त्या जुन्या डब्यांत आहे काय? पडदा हातभर नाहीं, ती बोललेलें समजत नाहीं, मागें घेतांना चहूं बाजूंचें चित्र दाखवीत नाहीं. दोघांच्या हिशेबानें पैसा सारखाच पडतो. शिवाय केजेस रेल्वे नाहीं. त्यामुळें अंबाजोगाईस योगेश्वरीच्या दर्शनास जाणें असो, लातूरचें इस्पितळ असो, कीं पुण्यास शिकणाऱ्या मुलांकडे जाणें असो, घरांतील लहानथोरांचा सगळा प्रवास रस्त्यानेंच व्हावयाचा असतो. तेव्हां हा वाद केवळ हौसेचा आहे असें समजून तो सोडून देतां येत नाहीं.

आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोघेहि जें डोळ्यांस दिसतें व बोटांस लागतें तेवढ्याचीच तुलना करीत आहेत. मोटारीच्या आंत गेल्या शंभर वर्षांत जी खरी मोलाची भर पडली, ती बहुतेक न दिसणारी आहे. हें विधान नीट पटावें म्हणून जुन्या व नव्या ऐषारामी मोटारींच्या अंतर्भागाची थोडी हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें मांडावी, असें आम्हीं योजिलें आहे.

ऐषारामी मोटार हा विषय मराठवाड्यास परका राहिलेला नाहीं. २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत तेव्हांच्या औरंगाबादेंतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांतील, धनिक मंडळींनीं एकत्र येऊन सुमारें दीडशें मर्सिडीज-बेंझ मोटारी एकाच सौद्यांत घेतल्या. तो सौदा सुमारें ६५ कोटि रुपयांचा होता. त्यासाठीं स्टेट बँकेनें ४० कोटींहून अधिक कर्ज ७ टक्के व्याजानें दिलें, आणि ट्रॅक्टरसाठीं कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्यास याहून पुष्कळ अधिक व्याज पडतें, म्हणून त्यावर त्या वेळीं बरीच टीकाहि झाली. ती टीका योग्य होती कीं नाहीं हा आजचा प्रश्न नव्हे. आजच्या विषयापुरतें इतकेंच ध्यानांत घ्यावयाचें कीं, खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, आणि त्या दिवाळीच्या मोसमांत घेतलेल्या मोटारींची ती मुदत २०२५ अखेर पुरी झाली. म्हणजे ‘जुनी ऐषारामी मोटार’ ही वस्तु पूर्वीं केवळ संस्थानिकांच्या पागेंत असे, ती आतां आपल्या विभागांतील साध्या बाजारांतहि मिळूं लागली आहे. काकांचा सल्ला म्हणूनच विचारांत घेण्याजोगा ठरतो.

परंतु जुन्यांतहि प्रकार आहेत. अगदीं मुळाशीं जावयाचें तर आपल्यास हैदराबादेस जावें लागेल. कारण १९४८ पर्यंत बीड जिल्हा व त्यांतील आपलें केज हीं निजामाच्याच राज्यांत होतीं. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यांत पिवळ्या रंगाची एक रोल्स-रॉइस मोटार ठेवलेली आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठीं ती मागविण्यांत आली होती. परंतु १९११ सालीं ते निवर्तले, आणि १९१२ सालच्या बांधणीची ती मोटार त्यांचे पुत्र सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दींत येऊन पोंचली. त्या काळीं रोल्स-रॉइस कंपनी केवळ सांगाडा व यंत्र पुरवीत असे. वरचा डबा बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांकडून करवून घ्यावा लागे. हें काम लंडनच्या बार्कर या पेढीनें केलें. मागील बाजूस बांक नसून सिंहासनासारखें उंच आसन आहे, वर घुमटाकार छप्पर आहे, आणि आंतील साज दरबारास शोभेल असा जरीचा व मौल्यवान धातूंचा आहे. मिरवणुकीपुरतीच ती बाहेर निघे. त्यामुळें इतक्या वर्षांत तिचा प्रवास कांहीं शें मैलांपलीकडे गेला नाहीं.

आतां या राजवाहनाची दुसरी बाजू पाहा. त्या वर्षींच्या रोल्स-रॉइसचें यंत्र सुरू करण्यास पुढें दांडा घालून तो हातानें फिरवावा लागे. विजेचा स्टार्टर अमेरिकेंत कॅडिलॅक कंपनीनें १९१२ सालच्या मोटारींत आणला. रोल्स-रॉइसमध्यें तो १९१९ पासून येऊं लागला. ब्रेक होते ते केवळ मागच्या चाकांना. चारी चाकांना ब्रेक देण्यास १९२३ साल संपत आलें होतें. सिंहासनावर बसणाऱ्यास धरून ठेवील असा पट्टा नव्हता, आणि हैदराबादच्या वैशाखांत त्यास गार वारा देईल असें साधनहि नव्हतें. सारांश, हात लावून पाहावें असें सारें कांहीं त्या मोटारींत होतें, आणि प्रसंग पडल्यास जीव वाचवील असें कांहींच नव्हतें. मिरवणुकीच्या चालीनें जाणाऱ्या वाहनाचें तेवढ्यानें भागलें, हें उघड आहे.

जुन्या मोटारींच्या साजाविषयीं आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांस नवलाची वाटेल. आज ‘आंतून सगळें चामडें आहे’ असें विक्रेता मोठ्या अभिमानानें सांगतो. त्या काळच्या शोफरनें चालवावयाच्या मोटारींत चामडें असे तें शोफरच्या आसनास. कारण पुढचा भाग पुष्कळदां उघडा असून त्याच्या गादीवर ऊन-पाऊस पडे, आणि तें सोसणारी ती हलक्या मानाची वस्तु होती. धन्याच्या आसनास तलम लोंकरी कापड असे, तें मऊ, आवाज शोषून घेणारें आणि उन्हांत न तापणारें. पुढें धनी स्वतः मोटार हांकूं लागले, चामडें पुढून मागें गेलें, आणि कापड गरिबीचें लक्षण ठरलें. मान देणारी वस्तु कोणती हें असें केवळ रूढीनें ठरतें. केजच्या मे महिन्यांत दुपारीं तीन वाजतां उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीच्या काळ्या चामड्यावर जो कोणी बसला असेल, त्यास या बाबतींत आपल्या आजोबांची पिढी अधिक शहाणी होती हें कबूल करावें लागेल.

जुन्या व नव्या ऐश्वर्याची सांगड एकाच नांवांत पाहावयाची असेल तर ती आपल्या महाराष्ट्रांतच आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसऱ्याच्या शाही सोहळ्यास अजून बाहेर निघते, आणि ती पाहण्यास लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. हें मेबॅक नांव मध्यंतरीं मोटारींवरून नाहींसें झालें होतें. आतां तें मर्सिडीज-बेंझच्या सर्वांत खर्चिक मोटारींस लावतात. २०२२ सालीं मेबॅक एस ५८० ही मोटार आपल्या पुण्याजवळ चाकण येथें जुळवून विक्रीस आली. एक कोल्हापुरांत वर्षांतून एकदां मान घेते, दुसरी पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर रोज धांवते. दोहोंच्या मधल्या काळांत मोटारीच्या आंत काय काय शिरलें, तें आतां पाहूं.

प्रथम आला तो गार वारा. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें आपल्या १९४० सालच्या मोटारींत वातानुकूलन यंत्र बसवून दिलें. त्या यंत्राचा मोठा भाग सामानाच्या पेटींत बसे व पेटीची बरीच जागा खाई, आणि वारा नको झाला तर मोटार थांबवून, झांकण उघडून यंत्राचा पट्टा काढून ठेवावा लागे. १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीनें चाक फिरविण्यास यंत्राची मदत देऊं केली. १९५९ सालीं स्वीडनच्या व्होल्वो कंपनींतील नील्स बोलिन या इंजिनिअरानें खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला, आणि त्या कंपनीनें आपलें पेटंट इतरांस वापरूं दिलें. १९७८ सालीं मर्सिडीजच्या एस-क्लास मोटारींत चाकें न अडकूं देणारा ब्रेक आला. १९८१ च्या सुमारास त्याच घराण्यांत चालकापुढें एअरबॅग आली. १९९५ सालीं घसरणारी मोटार आपोआप सांवरून धरणारी योजना आली. या साऱ्या गोष्टी आधीं धनिकांच्या मोटारींत आल्या आणि मग हळूहळू सर्वांच्या झाल्या. ऐषारामी मोटारींनीं समाजावर जो कांहीं उपकार केला असेल तो हाच होय. गादीचें मऊ चामडें खालच्या थरापर्यंत झिरपलें नाहीं, पण पट्टा आणि ब्रेक झिरपले.

कारागिरी आणि यंत्रविद्या यांचा तोल सर्वांत चांगला साधला तो १९८० ते २००० या वीस वर्षांत, असें आमचें मत आहे. १९९५ सालीं पुण्याजवळ मर्सिडीज-बेंझची ई-क्लास मोटार तयार होऊं लागली. तो नमुना जर्मनींत तेव्हां निवृत्त होत होता. तरी त्या घडणीच्या मोटारी आजहि कोणी जपून ठेवल्या असतील तर एकदां आंत बसून पाहाव्यात. आसनांत स्प्रिंगा आणि रबरानें बांधलेल्या घोड्याच्या केसांची गादी. ती बसतांना किंचित् कठीण वाटते, पण पांच तासांच्या प्रवासानंतरहि पाठ दुखत नाहीं. लाकूड तें खरें लाकूड. दिव्याची कळ फिरविली कीं ती आपल्या जागीं बसल्याचें बोटास कळतें. त्यापुढें १९९१ च्या एस-क्लास मोटारींत तर बाजूच्या कांचा दुहेरी होत्या, आणि दरवाजा नुसता टेंकवला कीं यंत्र तो ओढून घेई. दरम्यान १९८९ सालीं जपानच्या लेक्सस कंपनीनें आपली पहिली मोठी मोटार काढली, आणि शांतता व नेटकेपणा याहून कमी किंमतींत देतां येतो हें दाखवून जर्मन कारखानदारांस हादरविलें.

मग पडद्याचें युग आलें. २००१ सालीं बीएमडब्ल्यू कंपनीनें आपल्या सर्वांत मोठ्या मोटारींतील पुष्कळ कळा काढून एकच फिरता खुंटा व एक पडदा बसविला. लोकांनीं त्यावर बरेच तोंडसुख घेतलें. पण वाट तीच ठरली. २०२० च्या एस-क्लासमध्यें मागच्या पिढीपेक्षां २७ कळा कमी केल्या आहेत, असें कंपनीनें अभिमानानें सांगितलें. २०२१ सालीं त्याच कंपनीच्या विजेवरील ईक्यूएस मोटारींत एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत १४१ सेंटिमीटर रुंदीची एक सलग कांच व तिच्याखालीं तीन पडदे बसविण्यांत आले. हीहि मोटार २०२२ पासून चाकण येथें जुळवूं लागले. पुतण्यांच्या डोळ्यांपुढें जें चित्र आहे तें हेंच.

या पडद्यांची योग्यता कशानें मापावी? स्वीडनमधील एका मोटार-मासिकानें २०२२ सालीं एक साधा प्रयोग केला. ताशीं ११० किलोमीटर वेगानें जातांना चालकानें हवा, रेडिओ, दिवे इत्यादिकांचीं नेमून दिलेलीं चार कामें करावयाचीं आणि त्यास किती वेळ लागतो तें मोजावयाचें. २००५ सालची जुनी, कळांची व्होल्वो मोटार १० सेकंदांत मोकळी झाली. तेवढ्यांत तिनें ३०६ मीटर अंतर तोडलें. पडद्याच्या नव्या मोटारींत सर्वांत मंद ठरलेल्या मोटारीस जवळजवळ ४५ सेकंद लागले, आणि त्या वेळांत ती सुमारें १,३७० मीटर पुढें गेली होती. जवळजवळ दीड किलोमीटर चालकाचें अर्धें लक्ष रस्त्यावर नव्हतें! युरोपांत मोटारींच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या संस्थेनें म्हणूनच असा नियम केला आहे कीं, २०२६ पासून वळण्याची खूण, भोंगा, कांच पुसणी, धोक्याचे दिवे आणि मदतीची हांक यांस स्वतंत्र कळ नसेल तर त्या मोटारीस पुरे गुण मिळूं नयेत. काकांच्या बाजूनें हा मोठा पुरावा आहे.

परंतु नव्यावर अन्याय होतां कामा नये. उन्हाळ्यांत आसनाच्या बारीक छिद्रांतून पाठीस गार वारा देणारी योजना मराठवाड्यांत चैन नव्हे, सोय आहे. ज्यांस दम्याचा विकार आहे त्यांस धूळ गाळून आंत हवा सोडणारी जाळी फार उपयोगी पडते. विजेवरच्या मोटारींतील शांतता तर १९१२ च्या रोल्स-रॉइसच्या कारागिरांसहि हेवा वाटेल अशी आहे. मागें घेतांना चित्र दाखविणारा कॅमेरा हा खेळ नाहीं. ज्या वाड्याच्या अंगणांत लहान मुलें खेळतात, तेथें त्याचें मोल वेगळें सांगावयास नको.

नव्यांतील खरा दोष निराळाच आहे. लाकूड व लोंकर हळूहळू जुनीं होतात, आणि जुनीं झालीं तरी शोभतात. पडदा एकाएकीं जुना होतो, आणि जुना पडदा कोणासच शोभत नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंत दूरध्वनीचीं तिसऱ्या पिढीचीं जाळीं बंद झालीं, तेव्हां चांगल्या चांगल्या घराण्यांच्या अनेक मोटारींतील संदेश व मदतीच्या सोयी एका रात्रींत मुक्या झाल्या. यंत्र ठणठणीत, गादी ठणठणीत, आणि ज्या गोष्टीसाठीं अधिक पैसे मोजले तीच नाहींशी झाली! शिवाय चकचकीत काळ्या प्लॅस्टिकचा जो मुलामा हल्लीं लाकडाच्या जागीं देतात, त्यावर आपल्याकडील धूळ एकदां कोरड्या फडक्यानें पुसली कीं बारीक ओरखडे उठतात. दुकानांतील दिव्यांखालीं तो मुलामा सुंदर दिसतो, हें मात्र खरें.

आतां काकांनींहि थोडें ऐकून घ्यावें. जुन्या ऐषारामी मोटारीचा विक्रेता गादीवर तेल चोळून ती नवी करून दाखवील. पण उष्णतेनें आंतून काय झालें आहे तें तो दाखविणार नाहीं. छताचें अस्तर पातळ फोमावर चिकटवलेलें असतें. तो फोम उन्हानें भुगा झाला कीं अस्तर लोंबूं लागतें. दोन हजार सालानंतरच्या पुष्कळ युरोपी मोटारींत कळांवर दिलेला मऊ मुलामा चिकट होतो. १९९०-९५ च्या दरम्यानच्या कांहीं जर्मन मोटारींत यंत्राजवळच्या तारांचें आवरण तापून तापून गळूं लागतें. ज्या मोटारी हवेच्या फुग्यांवर तरंगतात, त्यांच्या फुग्यांचें रबर दहाबारा वर्षांनीं विटतें, आणि मोटार एका सकाळीं अंगणांत गुडघे टेंकून बसलेली आढळते. यांतील कोणतेंहि काम केजच्या गॅरेजांत होणार नाहीं. मोटार ट्रकवर चढवून छत्रपती संभाजीनगरास किंवा पुण्यास न्यावी लागेल. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, जुन्या मोटारीची किंमत दर वर्षीं उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाहीं. ती मोटार नवी असतांना जितकी महाग होती, त्या मानानेंच भागांचे पैसे पडतात. मोठ्या मोलाची मोटार लहान मोलास घेणाऱ्यानें ती मोठ्या मोलानेंच पोसावयाची असते.

येथवर दोन्ही पक्ष जवळजवळ बरोबरींत सुटतात. आतां ज्या न दिसणाऱ्या गोष्टींचा आम्हीं आरंभीं उल्लेख केला, त्यांकडे वळूं.

३ जून २०१४ रोजीं सकाळीं दिल्लींत विमानतळाकडे जात असतां गोपीनाथराव मुंडे यांच्या मोटारीस चौकांत दुसऱ्या मोटारीची धडक बसली, आणि आपल्या जिल्ह्याचें एक मोठें माणूस गेलें. ते मागच्या आसनावर बसले होते. मागच्या आसनावरचा पट्टा ही शोभेची वस्तु आहे या गैरसमजापायीं आपण आपला मित्र गमावला, त्यांनीं पट्टा बांधला असता तर ते आज असते, अशा अर्थाचें बोलणें तेव्हांचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनीं पुढें जाहीरपणें केलें. ती मोटार कांहीं ऐषारामी नव्हती, असें कोणी म्हणेल. तर ४ सप्टेंबर २०२२ चा प्रसंग आठवावा. उद्योगपति सायरस मिस्त्री अहमदाबादेकडून मुंबईस येत असतां पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मोटार कठड्यावर आदळली. ती मोटार मर्सिडीज होती, चांगल्या बांधणीची होती, एअरबॅगांनीं सज्ज होती. पुढचे दोघे वांचले. मागचे दोघे गेले. त्यांनीं पट्टे बांधले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें.

याचें कारण समजण्यास यंत्रविद्या नको. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एकाएकीं थांबली तरी आंतलें माणूस त्याच वेगानें पुढें जात राहतें. तो आघात सुमारें १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून खालीं पडण्याइतका असतो. समोरच्या एअरबॅगा बहुतेक मोटारींत पुढच्या दोघांसाठींच असतात. मागच्या आसनावरील माणसासाठीं समोरून फुगणारी एअरबॅग २०२० च्या एस-क्लासमध्यें प्रथम आली, आणि ती अजून फार थोड्या मोटारींत आहे. म्हणजे मागें बसणाऱ्यास सांवरणारी वस्तु एकच, ती म्हणजे खांद्यावरून जाणारा पट्टा. आणि आपल्या घरांत मागें बसतें कोण? आजोबा, आजी, बाळंतीण, लेंकरें. ज्यांना आपण मानानें मागें बसवितों, त्यांनाच आपण सर्वांत उघडें ठेवतों. पट्टा बांधा असें वडिलांस सांगणें मुलांस संकोचाचें वाटतें, आणि नवें चामडें चुरगळेल म्हणून पट्टे गादीखालीं दडपून ठेवलेलीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. उसाच्या मोसमांत संध्याकाळनंतर मांजरसुंब्यापासून अंबाजोगाईपर्यंतच्या रस्त्यानें जो गेला असेल, त्यास मागें दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉल्या कशा एकाएकीं समोर उभ्या राहतात हें सांगावयास नको. आपल्या भागांतील ऐषारामाचा विचार या ट्रॉलीपासून सुरू झाला पाहिजे.

मागच्या पट्ट्याची सक्ति कायद्यानें केव्हांच केलेली आहे. ज्या मोटारींत मागें कोणी पट्टा बांधला नाहीं तर वाजत राहणारी घंटा आहे, त्या मोटारीचें आमच्या लेखीं मोठ्यांतल्या मोठ्या पडद्याहून अधिक मोल आहे. ती घंटा बंद करण्यासाठीं बाजारांत मिळणारी खोटी पट्टी खोबणींत अडकवून ठेवणाऱ्या गृहस्थांस काय म्हणावें, तें वाचकांनींच ठरवावें.

वरील विवेचनावरून खरेदीच्या वेळीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. मोटार जुनी असो वा नवी, ती भर दुपारीं, दोन तास उन्हांत उभी असतांना पाहावयास जावें. सकाळच्या गारव्यांत सर्वच मोटारी सुवासिक असतात. चालकाच्या जागीं बसून, मोटार उभी असतांना, डोळे मिटून गार वारा कमी करावा, कांच पुसणी सुरू करावी, धोक्याचे दिवे लावावेत. जें डोळे मिटून जमलें नाहीं तें रात्रीं रस्त्यावर जमणार नाहीं. नंतर घरांतील सर्वांत वृद्ध माणसास मागच्या दारानें आंत चढण्यास व उतरण्यास सांगावें. खालीं टेंकलेल्या लांब मोटारी चित्रांत देखण्या दिसतात, पण गुडघे धरलेल्या माणसास त्यांतून उठणें म्हणजे विहिरींतून वर येणें होय. मागच्या तिन्ही जागांस खांद्यावरून येणारे पट्टे आहेत ना, ते सहज ओढले जातात ना, व मानेस टेंकू आहे ना, हें हातानें पाहावें. सात जणांची मोटार असेल तर तिसऱ्या ओळीचेंहि तसेंच पाहावें, कारण तेथें नेहमीं मुलेंच बसतात.

जुनी घ्यावयाची असेल तर घसरण सांवरणारी योजना व निदान सहा एअरबॅगा जिच्यांत आहेत, तिच्याहून जुनी घेऊं नये. मग तिचें लाकूड कितीहि मोहक असो. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगा सदोष ठरून जगभर कोट्यवधि मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि तो दोष उष्ण हवेंत वाढणारा होता. म्हणून सांगाड्याचा क्रमांक देऊन कारखान्याच्या अधिकृत दुकानांत तेवढी चौकशी अवश्य करावी. दुरुस्तीची वही नसेल तर मोटार सोडून द्यावी. आणि जी रक्कम वांचली असें वाटतें, तींतील बरीच पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवावी. नवी घ्यावयाची असेल तर पडदा एका टप्प्यानें लहान असलेली आणि कळा जागच्या जागीं असलेली घ्यावी. पडदा पांच वर्षांनीं शिळा व्हावयाचाच आहे. मोटार पंधरा वर्षें चालावयाची आहे.

असो. काकांस कारागिरीचें प्रेम आहे तें आम्हांस मनापासून आवडतें. पुतण्यांस नव्याची ओढ आहे तीहि रास्तच आहे. निजामांचें सिंहासन मोटारींत चढलें त्यास शंभराहून अधिक वर्षें झालीं. त्या सिंहासनावर जरी होती, पट्टा नव्हता. आज पट्टा बैलगाडीहून थोड्या वरच्या मोटारींतहि मिळतो, आणि आपण तो जरीप्रमाणें न वापरतां ठेवून देतों. ज्या घरीं मोटार सुरू होण्यापूर्वीं थोरला मुलगा मागें वळून ‘आजोबा, पट्टा’ असें म्हणतो आणि आजोबा निमूटपणें तो बांधतात, त्या घरानें जुनी मोटार घेतली काय आणि नवी घेतली काय, त्यांची निवड चुकली असें आम्ही म्हणणार नाहीं.